इटालियन जाल्लोतल्या नायिका: चेहरा एकीचा, आवाज भलतीचाच

रीळबदल

जाल्लोंवर चर्चा निघाली की एक शेरा हमखास येतो: बाई दिसते झकास, पण अभिनय लाकडी. हा शेरा बहुतेक वेळा चुकीच्या बाईला मारलेला असतो. धाग्याचा विषय तोच.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. 'जाल्लो' म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या आणि रंगाचंच नाव प्रकाराला पडलं. आपल्याकडे अर्नाळकरांच्या पुस्तकांना मुखपृष्ठाच्या रंगावरून नाव पडलं असतं, तर तसंच झालं असतं. पडद्यावरचा जाल्लो साधारण १९६३ ते १९८२ या काळात जोरात होता. हातमोजे घातलेला खुनी, वस्तरा, आणि मध्यभागी बहुधा एक बाई, जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता आवाजाचं. त्या काळातल्या इटालियन चित्रपटांत सेटवरचा आवाज अंतिम ध्वनिपट्टीत घ्यायची पद्धतच नव्हती. सेटवर फार तर अंदाजासाठी कच्चा आवाज घेत. नट स्पॅनिश, नटी स्वीडिश, दिग्दर्शक रोमचा. जो तो आपल्याला येईल त्या भाषेत बोलायचा. नंतर स्टुडिओत इटालियन पट्टी बनायची आणि निर्यातीसाठी रोममध्येच राहणाऱ्या इंग्रजी भाषकांकडून इंग्रजी पट्टी. म्हणजे 'मूळ भाषा' असं काही शोधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. दोन्ही पट्ट्या डबच.

एदविज फेनेक जन्माने अल्जीरियाची, वडील माल्टाचे, आई सिसिलीची, वाढली फ्रेंचमध्ये. तिच्या बहुतेक इटालियन चित्रपटांत इटालियन आवाजसुद्धा तिचा नाही. क्लाउदिया कार्दिनाले ट्युनिसची, घोगऱ्या आवाजाची. इतकी मोठी नटी, पण इटालियन प्रेक्षकांनी तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो १९६३ मध्ये, फेलिनीच्या 'साडेआठ'मध्ये. दारिया निकोलोदी तर अस्सल इटालियन, तरी 'तेनेब्रे'च्या (१९८२) इंग्रजी पट्टीत तिच्या तोंडी थेरेसा रसेलचा आवाज आहे.

आपल्याला हे नवीन नाही. 'आखरी रास्ता'मध्ये (१९८६) श्रीदेवीला रेखाचा आवाज होता. फरक इतकाच की तिथे हा अपवाद नव्हता, कारखान्याची रोजची पद्धत होती.

तेव्हा माझं म्हणणं असं की या बायकांचं काम तोलायचं तर आवाजाचे गुण वेगळ्या खात्यात मांडावेत. आणि आपण बघतोय ती प्रत कोणती, हे आधी तपासावं.

---

दुसरा_खेळ

वाचतोय. दोन प्रश्न. आवाज नटीचाच आहे की नाही, हे जाणकार नसलेल्याने ओळखायचं कसं? आणि सुरुवात कुठून करावी?

---

रीळबदल

ओळखायची रीत सोपी आहे, फक्त जागा नीट निवडावी लागते.

चेहरा जवळून दिसतो असं २०-३० सेकंदांचं बोलणं घ्या. आवाज बंद करून, वेग निम्मा करून एकदा बघा. ओठ पूर्ण मिटतात ते क्षण हेरा. प, ब, म यांना ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. मग आवाज लावून आधी इंग्रजी पट्टी, मग इटालियन. ज्या पट्टीत मिटलेल्या ओठांवर ही व्यंजनं पडतात, त्या भाषेत ती सेटवर बोलली. दुसरी खूण वाक्याच्या शेवटी: इटालियन शब्द बहुतेक स्वरान्त, म्हणजे वाक्य संपताना तोंड उघडं राहतं. इंग्रजीत शेवट बऱ्याचदा व्यंजनावर बंद होतो.

फसगत इथे होते: ओठ इंग्रजीशी जुळले म्हणून आवाज तिचा ठरत नाही. ती इंग्रजीत बोलली, एवढंच कळतं. आवाज तिचा की नाही, हे ठरवायला तीच नटी त्याच भाषेत दुसऱ्या दोन चित्रपटांत ऐका. तिन्हीकडे तीन गळे निघाले तर उत्तर मिळालं.

अजून एक. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बोलते त्या वाक्यांवर कधीच निष्कर्ष काढू नका. कथानकातली भोकं बुजवणारी नवी वाक्यं डबिंगवाले नेमकी तिथेच घुसवतात, कारण ओठ जुळवायची कटकट नसते.

सुरुवात बार्बरा स्टीलपासून करा. मारिओ बावाचा भयपट 'ला मास्केरा देल देमोनिओ' (१९६०), जगभर 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. दुहेरी भूमिका: चेहऱ्यावर मुखवटा ठोकून मारलेली चेटकीण आसा आणि तिच्या वंशातली कात्या. याच्या दोन इंग्रजी पट्ट्या आहेत. एक इटालियन निर्मात्यांची, दुसरी अमेरिकन वितरकांनी १९६१ मध्ये नव्याने केलेली. अमेरिकन प्रतीत संगीतही बदलून लेस बॅक्स्टरचं घातलंय आणि काही मिनिटं कापलीत. स्टीलचा स्वतःचा गळा दोन्हींत नाही. ती स्वतः इंग्लिश, तरी! आवाज काढून टाकूनही आसा आणि कात्या वेगळ्या ओळखू येतात: एकीची मान ताठ, नजर समोरच्यावर रोखलेली, दुसरीची नजर सतत खोलीचे कोपरे शोधणारी. तिचं खरं भांडवल ते आहे.

---

आडवा_पडदा

प्रतींबद्दल मी लिहितो, कारण 'प्रोफोंदो रोस्सो' ऊर्फ 'डीप रेड' (१९७५) हे या धाग्याचं सगळ्यात ठळक उदाहरण ठरावं.

पूर्ण इटालियन प्रत सुमारे १२६ मिनिटांची. निर्यातीची प्रत त्याहून जवळजवळ २२ मिनिटांनी लहान. कात्री कुठे लागली? थोडी हिंसाचारावर, पण मुख्यतः डेव्हिड हेमिंग्ज आणि दारिया निकोलोदी यांच्या विनोदी-प्रेमळ प्रसंगांवर. निकोलोदीची पत्रकार जान्ना हेमिंग्जच्या पियानोवादकाला पंजा लढवताना हरवते, मोडक्या मोटारीत त्याला खचलेल्या सीटवर बसवते, बायका-पुरुषांवरून त्याच्याशी वाद घालते. हे सगळं गेलं की उरते ती अधूनमधून डोकावणारी सहाय्यक नटी. छोटी प्रत बघून 'निकोलोदीला कामच नाही' म्हणणाऱ्यांनी तिचं काम बघितलेलंच नसतं.

कापलेल्या भागांची इंग्रजी पट्टी उरलेली नाही. त्यामुळे पूर्ण प्रतीत इंग्रजी आवाज निवडलात तर मध्येच ती इटालियन बोलू लागते. डिस्क बिघडलेली नाही. सरळ इटालियन पट्टी आणि सबटायटल लावून बसा. हेमिंग्जचा खरा आवाज जातो हे मान्य, पण चित्रपट अखंड मिळतो.

आता लांबी तपासताना होणारी नेहमीची चूक. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने चालतात, चित्रपट २४ वर चित्रित झालेला असतो. तेव्हा चित्रपटाच्या मूळ लांबीच्या मिनिटांना ०.९६ ने गुणा. १२६ गुणिले ०.९६ म्हणजे १२०.९६, जवळपास १२१ मिनिटं. डीव्हीडी १२१ दाखवत असेल तर काहीही कापलेलं नाही. १०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवत असेल तर छोटी प्रत.

या वेगवाढीचा आवाजावरही परिणाम होतो. स्वर पाश्चात्त्य मोजणीत साधारण ०.७ सेमिटोन (अर्धस्वर) वर चढतो. आधीच परकी असलेली आवाजपट्टी आणखी किरटी लागते. व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवा आणि ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो पण स्वर वरच राहतो, आणि लोक म्हणतात काही फरक पडला नाही. काही डिस्कवर स्वर आधीच दुरुस्त केलेला असतो. तिथे उलट, टाइम-स्ट्रेचिंग चालूच ठेवा.

तिसरी गोष्ट चौकट. 'डीप रेड' टेक्निस्कोपमध्ये, म्हणजे २.३५ ला १ अशा आडव्या चौकटीत. टेक्निस्कोपमध्ये दर फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच छिद्रांची उंची वापरत. फिल्म निम्मी लागते, म्हणून इटालियन निर्मात्यांची लाडकी. जुन्या व्हिडिओ कॅसेटने हीच चौकट १.३३ ला कापली, म्हणजे चित्राचा ४३ टक्के भाग गायब. दोघांच्या संवादात कापला जाणारा निम्मा भाग बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचा, म्हणजे प्रतिक्रिया देणाऱ्याचा. आणि या चित्रपटांत प्रतिक्रिया द्यायचं काम कोणाकडे असतं, ते सांगायला नको.

---

शनिवारचा_शो

+१. माझी यादी: फेनेक, बार्बरा बुशे, निएवेस नवारो, सुसान स्कॉट, अनिता स्ट्रिंडबर्ग, रोझाल्बा नेरी, सारा बे. सगळ्याच बघण्यासारख्या.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

शनिवारचा_शो, यादी सातची दिसते, बायका पाचच आहेत. :) निएवेस नवारो म्हणजेच सुसान स्कॉट, आणि रोझाल्बा नेरी म्हणजेच 'लेडी फ्रँकेनस्टाइन'मधली (१९७१) सारा बे.

नावं बदलायचं कारण धंद्याचं. भयपट परदेशीच असावा अशी इटालियन प्रेक्षकांची समजूत, म्हणून पोस्टरवर इंग्रजी नावं. दिग्दर्शकही सुटले नाहीत: रिकार्दो फ्रेदा झाला रॉबर्ट हॅम्प्टन, आंतोनिओ मार्गेरिती झाला अँथनी डॉसन, बावानेही जॉन ओल्ड लावलं. एरिका ब्लांकचं खरं नाव एन्रिका ब्यांकी कोलोम्बात्तो. नटीचे सगळे चित्रपट हवे असतील तर दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धी यादी हातची जाते.

नावांचे सापळे बाकीही आहेत. सगळ्यात वाईट कॅरोल बेकरचा. हॉलिवूडची ही नटी इटलीत आली आणि उंबेर्तो लेंझीबरोबर तिने चार चित्रपट केले. १९६९ चा 'ऑर्गाझ्मो' अमेरिकेत 'पॅरानोइया' नावाने लागला. पुढच्याच वर्षी लेंझीने बेकरलाच घेऊन इटलीत 'पॅरानोइया' नावाचा वेगळा चित्रपट काढला, जो बाहेर 'अ क्वाएट प्लेस टू किल' झाला. नटी तीच, दिग्दर्शक तोच, नाव तेच, चित्रपट दोन! वर्ष बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. खात्री करायची खूण: पहिल्यात ती गडगंज विधवा, दुसऱ्यात मोटारशर्यतीची चालक.

फेनेकचा 'सिन्योरा वार्ध' (१९७१) शोधताना वार्धच्या शेवटी एक मुका 'एच' आहे हे लक्षात ठेवा. तो सोडला तर शोध अर्धवट लागतो. अमेरिकेत हाच 'ब्लेड ऑफ द रिपर' आणि 'नेक्स्ट!' नावांनीही फिरला. लाउरा गेमसरच्या 'इमॅन्युएल' मालिकेत, १९७५ पासून, 'एम' एकच. मूळ फ्रेंच 'इमॅन्युएल'च्या रोमन नावात दोन आहेत. एक अक्षर गाळून हक्कांच्या भानगडीतून सुटायची ती युक्ती होती. गेमसर पुढे वेशभूषेकडे वळली. 'ट्रोल २' चे (१९९०) कपडे तिचे.

आणि सेर्जिओ मार्तिनोचा लांबलचक नावाचा, 'तुझं व्यसन म्हणजे बंद खोली' असं काहीसं नाव असलेला (१९७२). पोस्टरवर फेनेक, म्हणून फेनेकसाठी बघायला जातात आणि नाराज होतात. चित्रपट स्ट्रिंडबर्गचा आहे. फेनेक आखूड केसांत भाचीच्या भूमिकेत, उशिरा येते आणि सगळ्यांना खेळवते. मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोकळं काम हेच.

---

शनिवारचा_शो

धन्यवाद, यादी दुरुस्त केली. पण एक मुद्दा कोणी काढत नाहीये. हे चित्रपट बायकांना मारण्यावर आणि कपडे उतरवण्यावर चालायचे. 'अभिनय बघा' म्हणून ते झाकून जात नाही.

---

रीळबदल

झाकायचं नाहीच. निर्माते बाईच्या अंगावर तिकिटं विकत होते, पोस्टरं बघितली तरी पुरे. १९६२ च्या कायद्याने इटलीत १४ आणि १८ वर्षांखालील मुलांना बंदी अशा दोन पायऱ्या झाल्या, आणि १८ ची बंदी ही जाहिरातच ठरायची. बरेच चित्रपट फक्त तेवढेच आहेत. त्यांची वकिली करण्यात अर्थ नाही.

पण त्याच कारखान्यातून फ्लोरिंदा बोल्कन निघाली. ब्राझीलची. लूचिओ फुल्चीच्या 'डोन्ट टॉर्चर अ डकलिंग'मध्ये (१९७२) ती मॅचारा, दक्षिण इटलीतल्या खेड्यातली चेटकी म्हणून हिणवलेली बाई. पोलीस तिला सोडतात आणि गावातली माणसं स्मशानात तिला साखळ्यांनी मारतात. मोटारीतल्या रेडिओवर ओर्नेला व्हानोनीचं प्रेमगीत चालू. नंतर ती सरपटत चढावरून महामार्गाच्या कडेला येते. सुट्टीला निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी शेजारून जातात, एकही थांबत नाही.

या प्रसंगात तिला एकही धड वाक्य नाही. डबिंगवालीला करण्यासारखं फक्त कण्हणं. जे दिसतं ते सगळं बोल्कनचं: आधी हात चेहऱ्यापुढे, मग हात खाली पडतात, मग फक्त बोटं माती धरतात. प्रसंग ओंगळ आहे, पण मजा मारणाऱ्यांच्या बाजूने तो एक क्षणही उभा राहत नाही. शोषण कुठे आणि शोषणाबद्दलचा चित्रपट कुठे, ही रेघ कधी कधी अशी एका चित्रपटाच्या आतच ओढलेली असते.

अवांतर: तिच्याच 'अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन'मध्ये (१९७१) ती एक दार उघडते आणि आत चिरलेले जिवंत कुत्रे दिसतात. इटलीत यावरून खटला झाला. कार्लो रांबाल्दीने बनवलेले नकली कुत्रे कोर्टात दाखवावे लागले, तेव्हा फुल्ची सुटला. हाच रांबाल्दी पुढे 'ई.टी.'चा बाहुला बनवून ऑस्कर घेऊन गेला.

---

खिडकीतली_मांजर

मेकअपवाल्यांसाठी एक भर. बावाची सर्वात गाजलेली करामत नटीच्या चेहऱ्यावरच झाली आणि तिला खर्च जवळपास शून्य. 'इ व्हाम्पिरी' (१९५७), फ्रेदाने सुरू केलेला आणि छायाचित्रकार बावाने पूर्ण केलेला. जान्ना मारिया कानाले, १९४७ च्या मिस इटालिया स्पर्धेतली दुसरी (पहिली लुचीया बोझे, तिसरी लोलोब्रिजिदा, काय वर्ष होतं!), कॅमेऱ्यासमोर एकाच अखंड शॉटमध्ये म्हातारी होते. ना कट, ना डिझॉल्व्ह.

सुरकुत्या लाल रंगाने काढलेल्या. सेटवर लाल प्रकाश असताना गोरी त्वचा आणि लाल रेघ दोन्ही सारखाच प्रकाश परत पाठवतात, म्हणून कृष्णधवल फिल्मवर रेघ दिसतच नाही. मग लाल दिवा हळूहळू उतरवत निळा-हिरवा चढवायचा. लाल रेघ निळा-हिरवा प्रकाश पिऊन टाकते आणि काळी पडते. फिल्मला रंग कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणून प्रकाश बदलला हे प्रेक्षकाला समजत नाही. हॉलिवूडने १९३१ च्या 'डॉक्टर जेकिल'मध्ये हेच केलं होतं. बावाने पुढे स्टीलच्या चेहऱ्यावरही ती वापरली.

यात नटीचं काम काय, असं वाटेल. एकच: मान हलवायची नाही. दिवा एका बाजूने चढत असतो. चेहरा वळला की गालावर सावली पडते आणि करामत उघडी पडते. डोळे आणि जबडा एवढंच वापरून ओळख, भीती, संताप दाखवायचा. कानालेने ते केलंय.

---

दुसरा_खेळ

हे घरी मोबाइलवर होईल का? आमच्या एकांकिकेच्या चित्रफितीत वापरता येईल.

---

खिडकीतली_मांजर

होईल. रंग बदलणारे दोन एलईडी दिवे पुरतात, दोन्ही एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून. खोलीतला बाकी उजेड पूर्ण बंद. मोबाइलमध्ये एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. हे राहिलं तर फोन स्वतःच उजेड सावरत बसतो आणि मध्येच चित्र भपकन उजळतं. चित्रीकरण थेट कृष्णधवल मोडमध्ये करा, म्हणजे दिव्यांचं प्रमाण जागेवरच दिसेल.

बिघडतं ते तीन ठिकाणी. रंग मरून किंवा तपकिरी घेतला तर लाल उजेडातही रेघ दिसते. झगझगीत, शुद्ध लालच हवा आणि पातळ. आधी लाल दिव्याखाली रेघ दिसेनाशी होते का ते हातावर बघून घ्या. दुसरं ओठ: लाल उजेडात ओठ पांढरेफटक पडतात, म्हणून ओठांना जांभळट छटा द्या. तिसरं, लाल दिवा आधी विझवून मग निळा लावला तर मध्ये अंधाराचा खड्डा पडतो. दोन्ही एकमेकांत मिसळत, ८-१० सेकंदांत बदला. सावळ्या त्वचेवर लाल रेघ आणि त्वचा यांतला फरक कमी पडतो. तिथे रेघा थोड्या जाड घ्या आणि निळ्याऐवजी हिरव्याकडे झुका.

---

शनिवारचा_शो

अवांतराबद्दल माफी, पण आवाजाचा विषय आहे म्हणून. कबीर बेदीच्या 'सांदोकान' मालिकेने (१९७६) इटली वेडी झाली, तरी इटालियन प्रेक्षकांनी ऐकलेला सांदोकानचा आवाज बेदीचा नव्हता. समोर मारियान्ना झालेली कारोल आंद्रे फ्रेंच. म्हणजे मुंबईचा नट आणि फ्रेंच नटी यांचं प्रेम दोन तिऱ्हाइतांच्या गळ्यातून.

---

आडवा_पडदा

भारी. सबटायटलबद्दल एक राहिलं होतं.

इटालियन पट्टीबरोबर येणारी इंग्रजी सबटायटलं दोन प्रकारची. एक खरा अनुवाद, दुसरी इंग्रजी डबचीच उतरवलेली वाक्यं. तपासायला एकदा इंग्रजी पट्टी लावून तीच सबटायटलं चालू ठेवा. शब्दन् शब्द जुळला तर तुम्हाला इटालियन ऐकवून इंग्रजी डबच वाचायला दिला जातोय. दोन पट्ट्यांत नायिकेची वाक्यं बरीच वेगळी असतात, इंग्रजीत बहुधा बाळबोध, म्हणून हे बघायचं.

वेगळी फाइल जोडत असाल आणि ती पुढे-मागे होत असेल तर आधी फरक मोजा, सुरुवातीला आणि तासाभराने. फरक कायम तेवढाच असेल तर फक्त सरकवा. वाढत असेल तर गतीचा घोळ: २५ च्या प्रतीसाठी बनलेली फाइल २४ च्या प्रतीला लावली की ६० व्या मिनिटाला ती जवळजवळ अडीच मिनिटं पुढे पळालेली असते. सरकवून ते कधीच बसणार नाही. 'सबटायटल एडिट' या प्रोग्राममध्ये फ्रेम-दर २५ वरून २३.९७६ (व्यवहारात हेच २४) करा.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

आणि ज्यांना ही सगळी खटपट नको त्यांनी लेंझीचा 'नाइफ ऑफ आइस' (१९७२) लावावा. कॅरोल बेकर त्यात मुकी आहे. जवळजवळ सबंध चित्रपट कुठलीही पट्टी निवडा, बाई तीच.